अतिथिधर्म आणि एकटा वाटसरू

वारकरी हा मुळात एकटा चालणारा मनुष्य नव्हे. आळंदीहून निघाला की पुढे पताका, मध्ये वीणेकरी, दोहों अंगांस टाळकरी, मृदंगाची थाप, आणि मागे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या माउल्या. मुक्कामाला तंबू ठरलेला, पंगत ठरलेली, पाय दुखले तर तेल लावणारे हातही जवळपास असतात. ज्याचे नाव कोणत्या दिंडीत नाही तो मोकळ्या समाजात चालतो. पण तोही एकटा पडत नाही. कोणीतरी ‘माउली, पाणी घ्या’ म्हणतेच. म्हणून एकटेपण म्हणजे काय, हे वाटेवर आपल्याला फारसे कळत नाही.

परंतु वर्षाचे सारे दिवस काही दिंडीत जात नाहीत. वारी आषाढीची आणि कार्तिकीची, बाकीचा प्रपंच. आणि प्रपंचातली वाट पुष्कळदा एकट्यानेच चालावी लागते. कोणाची कोर्टात तारीख असते, कोणाला मोठ्या इस्पितळात दाखवायचे असते, कोणाचे पेन्शनचे कागद अडलेले असतात. घरी म्हातारी आजारी, मुलाला रजा नाही, सुनेचे लेकरू लहान. मग पिशवी उचलून एकट्यानेच एस. टी. नाहीतर रेल्वे धरायची. शहरात उतरावे, खेपा घालाव्या, आणि शेवटी खिडकीतला माणूस म्हणतो, ‘उद्या या.’ उद्या या म्हणणे सोपे आहे हो. पण आजची रात्र कोठे काढायची? प्रश्न दिसायला लहान. ज्याला संध्याकाळी पिशवी घेऊन मुंबईच्या फूटपाथवर उभे राहावे लागले आहे, त्याला तो केवढा आहे ते विचारा.

या लहान प्रश्नाच्या पोटात धर्माचे दोन मोठे प्रश्न आहेत. एक, दाराशी एकटा आलेल्याला रात्रीपुरती जागा देणे हा कोणाचा धर्म, आणि ती नाकारता येते काय? दुसरा, जागा मिळाल्यावर परक्याच्या छपराखाली, अनोळखी माणसांत, एकट्याने कसे राहावे? आजचे निरूपण या दोन प्रश्नांवर आहे.

प्रथम ‘अतिथी’ हा शब्द पाहू. पाठशाळेत गुरुजींनी आम्हांस त्याची दोन प्रकारे फोड करून सांगितली. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, ही पहिली. आमंत्रण देऊन, वार ठरवून आला तो पाहुणा. न सांगता आला तो अतिथी. दुसरी फोड ‘अत्’ या धातूवरून. अत् म्हणजे सतत चालत राहणे. जो वाटेवरचा आहे, आज येथे आणि उद्या पुढे, तो अतिथी. स्मृतिकारांनी तर मोजूनच सांगितले की, एक रात्र राहतो तो अतिथी; आपल्याच गावातला मनुष्य घरी आला तर त्याला त्यांनी अतिथी म्हटले नाही. म्हणजे पहा, आपण ज्यांच्यासाठी पुरणपोळी करतो ते व्याही-जावई या शब्दात बसतच नाहीत. अनोळखी, चालता, रात्रीपुरता असा जो कोणी, त्याच्यासाठी शास्त्राने हा शब्द राखून ठेवला आहे. आणि असा मनुष्य बहुधा एकटाच असतो.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आई, वडील आणि आचार्य यांच्या पंक्तीला अतिथीला देव म्हणून बसविले आहे. हे सर्वांना ठाऊक आहे. हॉटेलांच्या भिंतींवरसुद्धा ते रंगविलेले असते. परंतु त्याच उपनिषदाच्या भृगुवल्लीत एक व्रत सांगितले आहे, ते मात्र कोणी भिंतीवर लिहीत नाही. तेथे म्हटले आहे की, वसतीसाठी आलेल्या कोणालाही नाही म्हणू नये, हे व्रत होय. आणि म्हणून अन्नाचा साठा भरपूर करून ठेवावा. यातल्या ‘कोणालाही’ या शब्दावर बोट ठेवा. सहकुटुंब आलेल्याला, ओळखीची चिठ्ठी आणलेल्याला, अशी अट तेथे नाही. आणि हे नुसते दयेचे बोलणे नसून ‘व्रत’ म्हटले आहे. दया मनाला आली तर करावयाची. व्रत मनाला येवो न येवो, पाळावयाचे.

कठोपनिषदातील नचिकेत्याचे उदाहरण घ्या. लहान पोर, एकटे, यमाच्या दाराशी गेले. यम घरी नाही. तीन रात्री ते पोर उपाशी राहिले. यम परत आला तेव्हा घरच्यांनी त्याला बजावले की, ज्याच्या घरी अतिथी उपाशी राहतो त्याच्या पुण्याची राखरांगोळी होते. तेव्हा त्या यमाने, ज्याला सगळे जग भिते त्याने, पोराची क्षमा मागितली आणि तीन रात्रींबद्दल तीन वर दिले. नचिकेत्याच्या हाती ब्रह्मविद्या आली, ती या चुकलेल्या पाहुणचाराच्या भरपाईतून आली. मृत्यूच्या दारातसुद्धा एकट्या आलेल्याचा हिशेब ठेवला जातो, तर आपल्या दारात तो ठेवला जात नसेल काय?

आता आजची स्थिती पहा. दोन वर्षांमागे मला डोळ्यांच्या तपासणीसाठी मुंबईस जावे लागले. वयाची पासष्टी उलटलेली, गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का, हातात पिशवी. एका धर्मशाळेत गेलो. नाव सांगत नाही, सांगण्याचे कारणही नाही. कारण हा नियम एकट्या तिचा नाही. कितीतरी तीर्थक्षेत्रांत आणि शहरांत तोच आहे. गादीवरचा मनुष्य सभ्य होता. त्याने विचारले, “बरोबर कोण आहे?” मी म्हटले, “कोणी नाही. एकटाच आहे.” तो म्हणाला, “महाराज, एकट्याला खोली देत नाही. नियम आहे.” मी म्हटले, “अहो, खोली नको, ओसरीवर पडतो.” तो म्हणाला, “तेही चालत नाही आता.”

हा नियम कोठून आला ते समजून घेतले पाहिजे, कारण पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला अर्थ नाही. व्यवस्थापकाची बाजू अशी. कोणी एकटा मनुष्य खोली घेतो, आतून कडी लावतो, आणि सकाळी दार उघडत नाही. दुःखाने गांजलेला जीव परक्या गावी, परक्या खोलीत, आपला शेवट करून घेतो. मग पोलीस येतात, पंचनामा होतो, व्यवस्थापकाला चौकीत बसावे लागते. कोणी चोरी करून जातो, त्याचा पत्ता खोटा निघतो. दोघे-चौघे आले तर ते एकमेकांचे साक्षी असतात. एकट्याचा साक्षी पांडुरंग. आणि पांडुरंगाची सही रजिस्टरात चालत नाही! ज्याने एकदा हा ताप सोसला तो म्हणतो, नको रे बाबा, एकटा नकोच. या म्हणण्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? त्या व्यवस्थापकालाही बायको-मुले आहेत, तोही कोणाचा तरी नोकर आहे.

परंतु असे पहा. ज्याने जीव द्यायचे मनात आणले आहे, त्याला तुम्ही दारातून परत पाठविले, तर त्याने तो विचार सोडला काय? तो फक्त तुमच्या दारातून नाहीसा झाला. तुमचे रजिस्टर स्वच्छ राहिले, तो मनुष्य मात्र आणखी एका ‘नाही’चे ओझे घेऊन पुढे गेला. आणि अशा एका दुःखी जिवाच्या भयाने तुम्ही शंभर निरोगी मनाच्या वाटसरूंना रस्त्यावर ठेवले. एका खोट्या नाण्याच्या भीतीने पेढीच बंद करावी, अशातली ही गोष्ट झाली. भय खरे आहे, पण त्यावर काढलेला उपाय भयाचा नव्हे. तो फक्त जबाबदारी झटकण्याचा आहे.

मग खरा उपाय कोणता? तो मला त्याच रात्री पाहावयास मिळाला. दादरच्या बाजूला हल्लीच्या पद्धतीचे एक होस्टेल आहे, असे एका दुकानदाराने सांगितले. तेथे गेलो. एका खाटेचे रात्रीचे सहाशे रुपये. आधारकार्ड पाहिले, त्याची प्रत ठेवून घेतली, घरचा फोन नंबर लिहून घेतला, आणि ‘एकटे का’ हे कोणी विचारले नाही. कारण तेथे सगळेच एकटे! एका दालनात वर-खाली अशा दुमजली आठ खाटा, प्रत्येकीला पडदा, उशाशी लहान दिवा, पायथ्याशी कुलपाचे कपाट. माझ्या वाट्याला वरची खाट आली होती. मी शिडीकडे पाहतो आहे तोच खालच्या खाटेवरचा मुलगा उठला, “आजोबा, तुम्ही खाली झोपा,” म्हणाला आणि आपली चादर घेऊन वर चढला. ना ओळख, ना पाळख.

ही होस्टेलची कल्पना परदेशी. १९०९ साली जर्मनीत रिखर्ड शिरमान नावाचे एक शाळामास्तर मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत मोठे वादळ झाले, पाऊस कोसळला, आणि सगळ्यांनी एका खेड्यातल्या शाळेत पेंढ्यावर रात्र काढली. त्या रात्री मास्तरांच्या मनात आले की, पायी चालणाऱ्यांसाठी ठिकठिकाणी अशी निवाऱ्याची जागा का असू नये? त्यांच्या खटपटीने पुढे अल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात कायमचे होस्टेल झाले आणि तेथून ही चाल जगभर गेली. आता विचार करा. अहिल्यादेवी होळकरांनी अठराव्या शतकात देशभर तीर्थांच्या ठिकाणी घाट आणि धर्मशाळा बांधल्या. त्यामागे काय होते? वाटेवर अडलेल्या जिवाची कणव. त्या जर्मन मास्तरांच्या मनात काय होते? तेच. धर्मशाळा आणि होस्टेल या एकाच आईच्या लेकी आहेत. एक लुगडे नेसते, दुसरी झगा घालते, एवढेच.

त्या रात्रीची गोष्ट थोडी सांगतो, कारण पुढचा सिद्धांत तिच्यावर उभा आहे. दोनच्या सुमारास मला जाग आली. वरचा तो मुलगा खाली उतरून दाराबाहेरच्या बाकावर बसलेला दिसला. मी जवळ गेलो. म्हटले, “बाळ, झोप येत नाही का?” आधी काही बोलला नाही. मग हळूहळू बोलू लागला. बाप परळच्या इस्पितळात, सकाळी शस्त्रक्रिया. रुग्णाजवळ एकालाच राहता येते, म्हणून आई तिकडे. हा इकडे. मुंबईत पहिल्यांदाच आलेला. “घरी फोन करावा तर सगळे झोपलेले. काही झालं तर मी काय करू, आजोबा?” मी काय सांगणार? मी वैद्य नव्हे. मी त्याच्याजवळ बसलो. त्याच्या गावचे, शेतीचे विचारले. तो बोलत गेला. चारच्या सुमारास त्याला डुलकी लागली, तेव्हा मी त्याला खाटेवर पाठविले आणि सहाला उठविले. तो चहा न घेताच निघाला. मला त्याचे नाव ठाऊक नाही, त्याला माझे नाही. पुढे काय झाले तेही ठाऊक नाही.

यावरून मला जे कळले ते एवढेच. एकट्याला जे भय, त्यावर उतारा दुसऱ्या एकट्याचा आहे. तो मुलगा बंद खोलीत असता तर ती रात्र त्याने भिंतीशी काढली असती. व्यवस्थापक ज्या गोष्टीला भितो, ती घडते बंद दाराआड. सामायिक दालनात ती सहसा घडत नाही, कारण तेथे कोणीतरी कूस बदलते, कोणीतरी पाणी प्यायला उठते, कोणीतरी विचारते, ‘बाळ, झोप येत नाही का?’ म्हणून माझे म्हणणे असे की, एकट्याला परत पाठवू नका. त्याला चौघांत जागा द्या. कडी लावायची खोली देण्याचे धैर्य नसेल तर देऊ नका. पंक्तीतली एक खाट द्या. आपल्या जुन्या धर्मशाळांच्या ओसऱ्या हेच करीत होत्या. आपण त्या ओसऱ्यांना जाळ्या लावल्या, आत खोल्या काढल्या, आणि मग म्हणू लागलो की एकट्याची सोय नाही.

आता दुसरा प्रश्न. अशा ठिकाणी एकट्याने राहावे कसे? येथे श्रीमद्भागवताचा एकादश स्कंध उघडला पाहिजे. नाथमहाराजांनी शके १४९५ मध्ये काशीक्षेत्री ज्याच्यावरील टीका पूर्ण केली, तो हा स्कंध. यात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत दोन गुरू जणू होस्टेलात उतरणाऱ्यासाठीच आहेत.

एक गुरू साप. अवधूत म्हणतो, साप स्वतःचे घर बांधीत नाही, दुसऱ्याने केलेल्या बिळात जातो आणि सुखाने राहतो, एकटा फिरतो. कोणी म्हणेल, सापाला कसले गुरू करता? तर सापाचा हा एक गुण घ्यावा, विष घेऊ नये. परक्या जागेत राहताना ‘ही माझी नाही’ हे ज्याला रात्रभर आठवते, तोच तेथे सुखी. ज्याला वाटते की सहाशे रुपये दिले म्हणजे मोरी माझी, पंखा माझा, दिव्याचे बटण माझे, तो रात्रभर भांडतो. हा देह म्हणजे भाड्याचे घर, असे आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकतो आणि माना डोलवितो. पण ते ऐकणे आणि एक रात्र खरोखर भाड्याच्या खाटेवर काढणे यांत अंतर आहे. सकाळी चादर घडी करून ठेवली, कपाट मोकळे केले, किल्ली परत दिली, आणि मागे वळून पाहिले तर आपण तेथे होतो याची खूणसुद्धा नाही. तेवढे सहज जगातून निघता आले तर आणखी काय पाहिजे?

दुसरी गुरू कुमारी. घरची माणसे बाहेर गेलेली, आणि तिला मागणी घालायला पाहुणे आले. घरात मुलगी एकटी. पाहुण्यांसाठी साळी कांडू लागली, तो हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. घरचे दारिद्र्य बाहेर कळेल म्हणून तिने एक-एक करून बांगड्या उतरविल्या. दोन-दोन उरल्या, तरी वाजतच होत्या. शेवटी हातात एक-एक ठेवली, आणि आवाज थांबला. अवधूत यावरून एकांताचा उपदेश घेतो: पुष्कळ जमले की कलह, दोघे जमले की गोष्टी, म्हणून एकट्याने असावे. हा अर्थ बरोबरच आहे. पण मला त्या कथेत आणखी एक गोष्ट दिसते. कुमारीने बांगडी उतरविली ती पाहुण्यांना सोडून रानात जाण्यासाठी नव्हे. पाहुण्यांसाठी कांडण चालूच ठेवता यावे म्हणून. एकटे होणे म्हणजे माणसांपासून पळणे नव्हे. आपला आवाज कमी करणे, आणि हातातले काम चालू ठेवणे.

याचा अर्थ त्या होस्टेलात मला फार सोपा झाला. पहाटे साडेतीन-चारला उठणे, काकडा म्हणणे, हरिपाठ म्हणणे, हा आमचा जन्माचा नेम. पण त्या दालनात सात जीव दमून झोपलेले. तेथे मोठ्याने नामघोष करावा काय? नेम माझा, झोप त्यांची. टाळ पिशवीतच राहिले, आणि हरिपाठ ओठांतल्या ओठांत झाला. कोणी विचारील, महाराज, यात नेम मोडला नाही काय? मुळीच नाही. देवाला ऐकू येण्यासाठी आवाज लागत नाही, आणि शेजाऱ्याची झोप मोडून केलेल्या भजनाचे पुण्य निम्मे त्या शेजाऱ्याच्या शिव्यांत जाते. राउळात टाळ कुटावे, दिंडीत कुटावे. निजलेल्यांच्या दालनात एकच बांगडी ठेवावी.

येथे एक शंका येईल. ‘होस्टेलात पैसे देऊन राहायचे. येण्याची तिथी मोबाइलवर आधी कळवायची. मग तेथे अतिथी कोण आणि यजमान कोण? तो तर गिऱ्हाईक. अतिथिधर्माचा संबंध काय?’ शंका चांगली आहे. समाधान असे. पैशाने खाट विकत मिळते. शेजारच्याची झोप विकत मिळत नाही, त्याचा विश्वास विकत मिळत नाही, आणि खालची खाट सोडून वर चढणाऱ्या मुलाचा जिव्हाळा कोणत्याही पावतीवर लिहिलेला नसतो. भाडे दिल्याने मालकाचे देणे फिटते. शेजाऱ्याचे देणे तसेच राहते. त्या दालनात मालक काउंटरवर बसलेला असतो. आत प्रत्येक जण दुसऱ्याचा अतिथी आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा यजमान. म्हणून तेथे अतिथिधर्म कमी होत नाही. उलट दुप्पट होतो, घेणाऱ्याचाही आपणच आणि देणाऱ्याचाही आपणच. रात्री फोनवर मोठ्याने बोलू नये. पिशव्यांची खसखस करू नये, सकाळी निघायचे तर सामान आदल्या रात्रीच आवरावे. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, आणि आपली वस्तू कुलपात ठेवावी म्हणजे दुसऱ्यावर संशय घेण्याची पाळीच येत नाही. कोणाला बोलायचे असेल तर ऐकावे. नसेल तर खोदून विचारू नये. या गोष्टी लहान आहेत. पण धर्म राहतो तो लहान गोष्टींतच.

आता पुन्हा दाराकडे वळू. वसतीला नाही म्हणण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, आणि ती एकट्यापुरती नव्हती. जातीजातींच्या धर्मशाळा वेगळ्या होत्या. काहींना तर पंढरीतसुद्धा छप्पर मिळत नसे. म्हणून गाडगेबाबांना पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारावी लागली. ती त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे दिली. आणि खुद्द विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावे लागले. हातात खराटा आणि गाडगे घेऊन एकटे हिंडणारे गाडगेबाबा, जन्मभर दुसऱ्यांसाठी धर्मशाळा बांधीत राहिले आणि १९५६ साली वाटेवरच देह ठेवून गेले. त्यांच्या नावाची धर्मशाळा दादरला आहे. कर्करोगाने पीडित माणसे आणि त्यांचे नातलग तेथे आसरा घेतात. पूर्वी ‘जात कोणती’ विचारून परत पाठवीत. आज ‘बरोबर कोण’ विचारून परत पाठवितात. प्रश्न बदलला, पण दार मिटण्याचा आवाज तोच आहे.

आणि एकटी बाई असेल तर? तिला तर दोन्हीकडून सोसावे लागते. पुरुषाला ‘नियम आहे’ एवढेच सांगतात. बाईला वर खालून न्याहाळतात आणि मग नियम सांगतात. विधवा, निराधार, लेकराच्या उपचारासाठी आलेली, अशी एखादी माउली रात्री आठ वाजता दारात उभी राहिली, तर तिला परत पाठविणाऱ्याने मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेची आठवण करावी. आपल्यामागे लागलेल्या सत्तेपासून वाचण्यासाठी ती विठ्ठलाच्या दारी आश्रयाला आली, अशी सांप्रदायिक कथा आहे. देवाने तिला ‘बरोबर कोण आहे’ असे विचारले नाही. जी परंपरा तिला संत म्हणून वंदन करते, तिच्याच मठाच्या दारातून एकटी बाई परत जावी, हे कसे शोभेल?

म्हणून आपल्या मठांच्या, फडांच्या आणि धर्मशाळांच्या चालकांना हात जोडून विनंती आहे. आपल्या वास्तूतले एक दालन एकट्यांसाठी राखा, बायांसाठी वेगळे आणि पुरुषांसाठी वेगळे. दहा खाटा पुरेत. येणाऱ्याचे ओळखपत्र पाहा, घरचा फोन लिहून घ्या, तो लावूनही पाहा. तो राजधर्म आहे, त्यात अपमान नाही. पण जात-गोत विचारू नका, आणि ‘एकटा का’ या प्रश्नात संशय ठेवू नका. जेवणाच्या वेळी एका सेवेकऱ्याने त्या दालनात जाऊन प्रत्येकाला ‘माउली, जेवलात का?’ एवढे विचारावे. पोलिसांच्या शंभर नियमांपेक्षा हा एक प्रश्न अधिक जीव वाचवील.

शेवटी पंढरीच्या मूळपीठाकडे पाहा. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली, तिला शोधीत देव निघाले, असे सांगतात. म्हणजे आपला पांडुरंग पंढरीत आला तो एकटा वाटसरू म्हणूनच. येण्याची तिथी कळविलेली नाही, बरोबर कोणी नाही, सामान नाही. पुंडलीक आईबापांच्या सेवेत गुंतलेला. त्याने सेवा सोडली नाही, आणि पाहुण्याला ‘नाही’ही म्हटले नाही. हाताशी होती ती वीट पुढे केली. तेवढी जागा देवाला पुरली, युगानुयुगे पुरली आहे. आणि देवानेही अतिथी कसा असावा ते दाखविले: दिलेल्या विटेवर पाय जुळवून, हात कटीवर ठेवून, कोणाची जागा न अडविता, मुकाट्याने उभा राहिला. देणाऱ्याने किती द्यावे आणि घेणाऱ्याने किती घ्यावे, याचे सगळे माप त्या एका विटेत आहे.

तर सज्जन हो, पुढच्या वेळी तुमच्या दाराशी, ओट्याशी, मठाशी कोणी एकटा येऊन ‘रात्रीपुरती जागा मिळेल का’ असे विचारील, तेव्हा त्याच्या मागे कोण उभे आहे ते पाहू नका. तुमच्याजवळ वीटभर जागा आहे की नाही, एवढेच पाहा. आणि तुम्ही स्वतः एकटे असाल, तर मिळालेल्या विटेवर पाय जुळवून राहा.

रामकृष्ण हरी.